दोन नंबरचे बटण



गेल्या महिन्यात आम्ही प्रेशर कुकरच्या शिटीविषयी लिहिले, तेव्हा एका वाचक भगिनीने कळवले की, स्वयंपाकघर झाले, आता दारात उभ्या असलेल्या गाडीचेही काही सांगा. गाडीतले आम्हाला काय कळणार, असे मनात आले होते. पण विषय आपणहून घरी चालत आला, आणि तोही जरा काळजात धडकी भरवूनच.

आमची थोरली आपा खेड तालुक्यातल्या एका गावात राहते. दुलाभाई जहाजावर नोकरीला. वर्षातले सहा-सात महिने समुद्रावर, उरलेले घरी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक मोठी गाडी घेतली. घेतली जुनीच, पण सगळ्या सोयींची. ड्रायव्हरची सीट विजेवर पुढे-मागे, वर-खाली होते. शेजारी दारावर तीन छोटी बटणे आहेत: एक ‘सेट’चे, एक १ नंबरचे, एक २ नंबरचे. आपल्या अंगाला बसेल अशी सीट लावायची, ‘सेट’ दाबायचे, मग आकडा दाबायचा. पुढच्या वेळी तोच आकडा दाबला की सीट आपोआप तिथे येऊन थांबते.

दुलाभाई उंच, सहा फुटाला दोन बोटे कमी. आपा पाच फूटही नाही. एक नंबर दुलाभाईंनी पहिल्याच दिवशी आपल्यासाठी लावून घेतला. दोन नंबर दोन वर्षे रिकामाच राहिला. आपल्याकडे ‘दोन नंबर’ या शब्दाला तसा बरा वास नाही, पण या गोष्टीत खरा दोष त्या बटणाला कोणी हातच लावला नाही, हा होता.

आपाच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावे लागते. दुलाभाई जहाजावर असले की हे काम आपाचे. या खेपेला ते घरी होते, पण एका पहाटे नोकरीच्या कागदपत्रांसाठी त्यांना मुंबईची गाडी धरायची होती. आदल्या रात्री त्यांनीच गाडी चालवलेली. फजरची नमाज आटोपून आपा घाईने गाडीत बसली. अम्मीजान आधीच मागे बसलेल्या, वेळ झालेली. आपाने सीट थोडीशी पुढे घेतली, पाठीमागे उशी लावली आणि निघाली.

परशुराम घाटाच्या उतारावर एका वळणानंतर रस्त्यात म्हशी उभ्या. आपाने ब्रेक दाबला, पण पाय पुरता पोचेना. नुसती बोटे टेकलेली. पाठीमागची उशी सरकली, तशी ती आणखी मागे गेली. शेवटी स्टिअरिंगला धरून अंग पुढे ओढून तिने ब्रेक दाबला. गाडी म्हशीपासून दोन हातांवर थांबली. अल्हम्दुलिल्लाह, अम्मीजानच्या हातातला डबा पडला, एवढ्यावर निभावले.

ही गोष्ट तिने आठ दिवस कोणाला सांगितली नाही. रविवारी आम्ही गेलो तेव्हा चहा गाळता गाळता बोलली. आम्ही विचारले, “अगं आपा, दोन नंबरचे बटण आहे ना? ते का नाही लावून घेतलेस?”

ती म्हणाली, “मी कशाला? गाडी त्यांची. मी आपली त्यांच्या माघारी चालवते.”

यावर आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. आम्ही शिकवतो भाषा, विज्ञान नव्हे. तेव्हा या बटणामागे काय आहे ते आधी समजून घ्यावे म्हणून चिपळूणच्या एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे जाऊन बसलो. त्या भल्या माणसाने उघडलेली एक सीट उलटी करून सगळे दाखवले. जे कळले ते असे.

सीटच्या खाली आणि पाठीत लहान लहान मोटारी असतात. साधारणपणे चार: एक सीट पुढे-मागे सरकवणारी, एक मागची बाजू उचलणारी, एक मांडीखालचा पुढचा भाग उचलणारी आणि एक पाठ कलती करणारी. प्रत्येक मोटार दोन्ही दिशांना फिरते, म्हणून चार दुणे आठ. गाडीच्या जाहिरातीत ‘एट-वे सीट’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ एवढाच. खेळण्यातल्या पंख्याचा सेल उलटा घातला की पंखा उलटा फिरतो, तसाच या मोटारींचा विजेचा प्रवाह उलटवला की त्या उलट्या फिरतात.

मोटार फिरते भराभर, सीट मात्र सरकते सावकाश. हे कसे? ज्या घरात फिरकीचा पितळी सोऱ्या आहे त्यांना लगेच कळेल. वरची मूठ आपण गरागरा फिरवतो, आतला दट्ट्या मात्र हळूहळू खाली जातो, आणि तेवढ्याशा जोरावर घट्ट पीठही चकलीतून बाहेर पडते. सीटखालीही तसाच आटे पाडलेला दांडा आणि दाते असतात. मोटारीचे पुष्कळ फेरे खर्ची पडतात तेव्हा सीट थोडीशी हलते, पण ताकद एवढी वाढते की भारी माणसालाही ती सहज उचलते. याचा दुसरा फायदा मोठा आहे. सोऱ्याचा दट्ट्या खालून ढकलला तरी मूठ फिरत नाही. तसेच वीज बंद असली तरी सीट आपल्या जागेवरून ढळत नाही.

आता मुख्य प्रश्न. सीटला आठवते कसे?

उत्तर ऐकून आम्हाला हसू आले, कारण ते आपल्या घरातलेच आहे: तसबीह. आपण दाणे ओढत जातो आणि हिशेब राहतो. मोटारीच्या दांड्यावर एक चिमुकले लोहचुंबक बसवलेले असते आणि समोर एक सेन्सर. चुंबक फिरून समोर आले की सेन्सर विजेचा एक ठोका देतो. एक ठोका म्हणजे एक दाणा. सीटखाली एक छोटी पेटी असते, कंट्रोल मॉड्यूल म्हणतात तिला. ती हे ठोके मोजते. सीट एका दिशेला गेली तर मिळवते, उलट दिशेला गेली तर वजा करते.

या सेन्सरचे नाव ‘हॉल सेन्सर’. एडविन हॉल नावाचा तरुण अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना, १८७९ साली, त्याला आढळले की वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्याजवळ चुंबक आणला की पत्र्याच्या दोन कडांमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो. त्याच्या मनात मोटारगाडीची सीट असणे शक्यच नव्हते. पण इल्म कुठे, कोणाच्या उपयोगी पडेल ते सांगता येत नाही. काही गाड्यांत या सेन्सरऐवजी जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी रचना असते. ते बटण किती फिरले त्यावरून जागा कळते.

मोजणीला सुरुवात लागते. म्हणून सीट एका टोकाला पार भिडेपर्यंत नेतात. पुढे जायला वाव नसला की मोटार अडते, ठोके थांबतात. ते टोक म्हणजे शून्य. समजा, आपाची जागा शून्यापासून ६०० ठोक्यांवर आहे. ‘सेट’ आणि ‘२’ दाबले की मॉड्यूल चारही मोटारींचे आकडे लिहून ठेवते. कुठे लिहिते? मुलांच्या पाटीवर लिहिलेले पुसले जाते, वहीतले राहते. मॉड्यूलमध्ये वहीसारखी एक चिप असते, गाडी बंद केली तरी तिच्यातले आकडे जात नाहीत. पुढे ‘२’ दाबले की मॉड्यूल पाहते: सीट आत्ता ९०० वर आहे, जायचे आहे ६०० वर, म्हणजे ३०० ठोके पुढे. मोटार सुरू. हिशेब जुळला की बंद. ज्या गाड्यांत बाहेरचे आरसेही या आठवणीला जोडलेले असतात, तिथे आरसेही सोबत वळतात.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत १९५७ साली कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रोहॅम आणि मर्क्युरीच्या टर्नपाइक क्रूझर या गाड्यांत आठवण ठेवणारी सीट आली होती. मर्क्युरीवाल्यांनी तिच्या ४९ जागा दिल्या होत्या. आपल्या आपाला एक पुरेशी होती.

उर्दूत स्मरणशक्तीला ‘हाफिज़ा’ म्हणतात. हिफ्ज़, हाफिज़, मुहाफ़िज़, हिफ़ाज़त, सगळे एकाच धातूचे. म्हणजे लक्षात ठेवणे आणि राखणे यांसाठी मुळात शब्द एकच आहे. वर्गात हे आम्ही कितीदा शिकवले असेल, पण त्या गॅरेजमध्ये बाकड्यावर बसून ते पहिल्यांदा नीट उमगले. सीटला आपली जागा लक्षात असणे ही चैन नाही, ती हिफ़ाज़त आहे.

कारण सीट चुकीची असली तर काय होते, ते घाटात दिसलेच. उलटेही तितकेच वाईट. पाय पोचावा म्हणून ठेंगणी माणसे स्टिअरिंगला छाती लावून बसतात. पण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते आणि ती डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचा सल्ला असा आहे की छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच, अंतर असावे. म्हणून सीट अशी लावावी:

आधी नितंब पार मागे टेकवावेत. पाठीमागे सैल उशी नको. ब्रेक पूर्ण दाबून पाहावा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग उंची अशी घ्यावी की बॉनेटच्या पुढचा रस्ता नीट दिसेल. मग पाठ अशी लावावी की खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचेल. छातीचे अंतर मोजावे. शेवटी आरसे. हे सगळे झाल्यावरच ‘सेट’ आणि आपला आकडा.

दोन इशारेही. बहुतेक गाड्यांत गाडी चालू लागली की आठवणीचे बटण काम करत नाही, पण त्यावर विसंबू नये. सीट लावायची ती गाडी उभी असतानाच. आणि बटण दाबण्याआधी मागे पाहावे. मागच्या सीटवर लहान मूल पाय पसरून बसले असेल, तर सरकणाऱ्या सीटला ते दिसत नाही. चुकून सीट सुटलीच तर दुसरे कुठलेही सीटचे बटण दाबावे. साधारणपणे ती जागच्या जागी थांबते.

त्या संध्याकाळी आम्ही आपाला गाडीत बसवून वरच्या क्रमाने सीट लावली. टेपने अंतर मोजले, २८ सेंटिमीटर भरले. ‘सेट’ दाबल्यावर २ नंबरवर बोट ठेवताना ती थबकली. म्हणाली, “त्यांचे काही बिघडणार नाही ना?” आम्ही सांगितले की, एकच्या वहीला दोनचा हात लागत नाही. बटण दाबले, बारीक आवाज झाला.

दुलाभाई मुंबईहून परतले तेव्हा घाटातली गोष्ट त्यांना आम्हीच सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दोन वर्षांत मला एकदाही बोलली नाही.” आपा म्हणाली, “तुम्ही तरी कुठे विचारलेत?” दोघांचेही खरे होते. यंत्राला जे सांगितले नाही ते त्याच्याजवळ नसते. माणसाचे तसे नसावे, पण घरोघरी तसेच होते.

पुढच्याच महिन्यात गाडीची बॅटरी बदलावी लागली आणि दोन्ही बटणे मुकी झाली. इलेक्ट्रिशियनला फोन केला तेव्हा कळले की काही गाड्यांत असे होते: वहीतला आकडा शाबूत असतो, पण सीट आत्ता कुठे उभी आहे हेच मॉड्यूलला कळेनासे होते. मग तिला पुन्हा एकदा दोन्ही टोकांपर्यंत नेऊन शून्य दाखवावे लागते. पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

दुलाभाईंनी पुस्तिका काढली, अंगणात गाडीत बसून सीट या टोकाची त्या टोकाला नेली. मग खाली उतरले आणि दार उघडे धरून म्हणाले, “आधी तू बस, तुझी जागा बघ. मी काय, आठ दिवसांत जहाजावर जाणार.”

आपा हात पुसत आली आणि बसली. उशी तिने आधीच घरात ठेवली होती.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, पाण्याच्या टाकीतल्या चेंडूविषयी बोलू.