चित्रकाराला काय सांगाल?

विद्यार्थी मित्रहो, संगणकावरचा खेळ नुसता खेळण्याचे दिवस आता मागे पडले. 'स्क्रॅच'सारखी मोफत साधने हाती आल्यामुळे आठवी-नववीतला विद्यार्थीही स्वतःचा व्हिडिओ गेम रचू शकतो. समजा, गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या शाळेतल्या मुलामुलींनी असा खेळ रचला. त्याचा नायक सारस पक्षी. धानाच्या बांध्या ओलांडत, विजेच्या तारा चुकवत, कुत्र्यांपासून अंडी राखत त्याने तलाव गाठायचा. आज्ञा लिहून झाल्या, गुण मोजण्याची सोय झाली. पण सारस काही कुणाला काढता येईना. तेव्हा वर्गणी जमवून एका चित्रकाराकडून चित्र काढून घ्यायचे ठरले. चित्रकाराने विचारले, "सारस कसा हवा?" मुले एका सुरात म्हणाली, "छान हवा!"

माझे म्हणणे असे, की विज्ञानाचा खरा तास येथे सुरू होतो. आणि आपण बहुतेक जण तो येथेच बुडवतो.

'छान' हे वर्णन नव्हे. चांगला चित्रकार लगेच उलट प्रश्न करील. उडताना सारसाची मान कशी असते? डोक्यावर पिसे असतात का? पायाची बोटे किती? तो झाडावर बसलेला दाखवू का? यांची उत्तरे तुम्हांला येतात का, पाहा बरे! बगळा उडताना मान आखडून घेतो, तर सारस ती सरळ पुढे ताणतो. त्याचे डोके व मानेचा वरचा भाग यांवर जवळजवळ पिसे नसतात. तेथील लाल रंग कातडीचा असतो. पिल्लाचे डोके मात्र तांबूस-पिवळसर पिसांनी झाकलेले असते. पायाला पुढे तीन बोटे आणि मागे एक लहानसे, वर उचललेले बोट असते. त्या बोटाने फांदी पकडता येत नाही, म्हणून सारस झाडावर बसत नाही. झाडावर बसलेला सारस काढणे म्हणजे माशाला दोरीवर वाळत घातलेले कपडे नेसवण्यासारखे झाले!

आणखी एक गंमत. सारसाचा गुडघा मागे वाकतो असे आपल्याला वाटते. तो गुडघा नसतोच, तो घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांच्या आड दडलेला असतो. चालणारा सारस दाखवायचा असेल, तर चित्रकाराला हे माहीत असलेच पाहिजे. नाहीतर पडद्यावरचा पक्षी लंगडत चालेल.

यावर तुम्ही म्हणाल, "सर, हा तर खेळ! खेळात पक्षी बोलतो, उडी मारून नाणी गोळा करतो. मग एवढा काटेकोरपणा कशाला?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर थोड्या गणितातून मिळेल.

पडद्यावरचे चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. जुन्या धर्तीच्या खेळातले पात्र पुष्कळदा १६ × १६, म्हणजे २५६ चौकोनांत बसवलेले असते. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच. त्याची उंची सुमारे १८० सेंटिमीटरपर्यंत भरते. १८० ला १६ ने भागा. एक चौकोन ११ सेंटिमीटरहून मोठा झाला! सारसाची चोच आणि पाय यांची जाडी त्याहून कितीतरी कमी. म्हणजे ते एकतर दिसणार नाहीत, किंवा जाड काढावे लागतील. येथे चित्रकाराला अतिशयोक्ती करावीच लागते.

१९८१ मध्ये जपानच्या शिगेरू मियामोतो यांच्यापुढे हाच पेच होता. 'डाँकी काँग' या खेळातला त्यांचा नायक पुढे मारिओ म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड नीट दिसेना, म्हणून त्यांनी मोठे नाक व मिशा दिल्या. केस काढणे अवघड, म्हणून टोपी घातली. हातांची हालचाल उठून दिसावी, म्हणून अंगातले कपडे दोन रंगांचे केले. अडचणीतूनच पात्राचे रूप घडले. पण ही अतिशयोक्ती जाणून केलेली होती. जाणून केलेली अतिशयोक्ती ही कला. न पाहिल्यामुळे झालेली चूक हे अज्ञान. पाय जाड काढा, डोळे मोठे करा, हवे तर सारसाला बोलते करा. पण त्याच्या डोक्यावर मोराचा तुरा लावू नका.

चित्र काढवून घेणाऱ्यानेही निरीक्षण केले पाहिजे, याचे एक जुने उदाहरण आपल्याच देशात आहे. १६१२ मध्ये मुकर्रबखान गोव्याहून काही अपरिचित पशुपक्षी घेऊन जहांगीर बादशहाकडे आला. त्यांत टर्की हा पक्षी होता. बादशहाने त्याचे बारकाईने वर्णन लिहिले आणि दरबारातील चित्रकारांना चित्रे काढण्याची आज्ञा केली. उस्ताद मन्सूर हा त्याचा पशुपक्ष्यांची चित्रे काढणारा नामांकित चित्रकार. याच जहांगीराने सारसाची एक जोडी पाळली होती. लैला आणि मजनू ही त्यांची नावे. त्यांनी अंडी घातल्यावर अंड्यांवर कोण केव्हा बसते, याचीही नोंद त्याने ठेवली. बादशहाला जर पाहण्याचे कष्ट चुकले नाहीत, तर आपल्याला का चुकावेत?

आपल्या काळातही असे काम होते. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील दृश्यांना पहाडी लघुचित्रांचा आधार आहे आणि कथेचा काही भाग छायाबाहुल्यांतून सांगितलेला आहे. आपल्या मातीतली चित्रे खेळात शोभतात, हे त्यातून दिसले. आपल्या झाडीपट्टीत तर नाटकांचे पडदे रंगवणारे हात आहेत. गावोगावी पाट्या रंगवणारे पेंटर आहेत. चित्रकार शोधायला फार लांब जाण्याचे कारण नाही.

हा प्रश्न गोंदियाकरांसाठी नुसत्या हौसेचा नाही. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या चाळीसच्या आतच राहिली आहे. पुष्कळ मुलांनी सारस प्रत्यक्ष पाहिलेला नाही. ती त्याला चित्रावरूनच ओळखणार. चुकीचे चित्र हजार वेळा पडद्यावर नाचले, की तेच खरे वाटू लागते. मग उद्या बांधीत उभा असलेला खरा सारस पाहूनही मूल त्याला ओळखणार नाही. आणि जो ओळखू येत नाही, त्याला वाचवणार कोण?

म्हणून चित्रकाराकडे जाण्याआधी तलावाकडे जा. शिक्षकांना बरोबर घ्या. दुर्बीण असेल तर उत्तम. दूर उभे राहा. पावसाळ्यात सारस धानाच्या बांध्यांत आणि पाणथळीत घरटे करतो. घरट्याजवळ जाऊ नका आणि त्याची जागा सर्वत्र सांगत सुटू नका. उंची, रंग, चाल, उड्डाण, पिल्लू यांची नोंद वहीत करा आणि ती वही चित्रकाराच्या हाती द्या. चित्र किती चौकोनांत बसायचे आहे, चालण्याची किती चित्रे लागतील, तेही सांगा.

आता चित्रकाराच्या बाजूचे दोन शब्द. त्याचा मोबदला आधी ठरवा आणि वेळेवर द्या. "तुमचे नाव होईल" हा मोबदला नव्हे. चित्र कोठे वापरणार आणि त्याची मालकी कोणाची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. चित्राची मालकी तुमच्याकडे आली, तरी निर्माता म्हणवून घेण्याचा चित्रकाराचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शाबूत राहतो. तेव्हा खेळाच्या पहिल्या पडद्यावर त्याचे नाव घाला.

आज चार शब्द सांगितले, की यंत्रही क्षणात चित्र काढून देते. ते स्वस्त आहे, झटपट आहे. पण "पायाची बोटे किती?" असे विचारून ते तुम्हांला तलावाकडे पिटाळत नाही. तुमचे अज्ञान तसेच ठेवून ते तुमच्या हाती चित्र देते. मला तरी उलट प्रश्न विचारणारा चित्रकार अधिक मोलाचा वाटतो. शिक्षक बंधुभगिनींनो, चित्रकलेचा आणि विज्ञानाचा तास एखाद्या दिवशी एकत्र घेऊन पाहा.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुन्हा कोणी विचारले, "सारस कसा हवा?" तर उत्तर द्या : "जसा आहे तसा. चला, दाखवतो."