पाच दिवस म्हणजे किती किलो?

जावयाने गाडीच्या डिकीतून ती पेटी उतरवली तेव्हा त्याच्या तोंडून जो ‘हुश्श’ निघाला, त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. रिकामी पेटी आमच्या वजनकाट्यावर दहा किलो भरली. राखाडी रंग, रबरी खटके, झाकणावर चार पेले ठेवायचे खळगे, आणि पुढे ठसठशीत स्टिकर : बर्फ 5 दिवस टिकतो. किंमत साडेसोळा हजार. “आई, आता ट्रिपला बर्फाची चिंता नाही,” जावई म्हणाला. मला मात्र तेव्हापासूनच चिंता लागली.

मी बत्तीस वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. अकरावीच्या पोरांसाठी कॅलरीमापी मांडून ठेवायचे, बर्फाचे खडे टिपकागदाने कोरडे करून द्यायचे, आणि प्रयोगवहीत कोणी नुसतं ‘खूप बर्फ वितळला’ असं लिहिलं की ‘खूप म्हणजे किती?’ असं विचारायचे. तोच प्रश्न मी दुकानदाराला फोनवर विचारला. किती बर्फ, बाहेर किती तापमान, पेटी उन्हात की सावलीत? तो म्हणाला, “मॅडम, पाच दिवस म्हणजे पाच दिवस.”

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही भंडारदऱ्याला गेलो. काजवे बघायला. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत राजूरपर्यंत पोचता पोचता गाडीच्या डिकीची भट्टी झाली होती. वाटेत कारखान्यातून दहा किलो बर्फ फोडून घेतला आणि त्याच तापलेल्या पेटीत भरला. त्यात पनीर, दही, श्रीखंडाचे डबे आणि डिकीतल्याच बारा लिटर पाण्याच्या बाटल्या. रात्री धरणाकाठी तंबूसमोर बसून काजवे मनसोक्त पाहिले. झाडंच्या झाडं एकाच वेळी लुकलुकायला लागतात, तेव्हा माणसं आपोआप कुजबुजत बोलायला लागतात. पण तो विषय वेगळा. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली तर बर्फाचे दोन-चार तुकडे आणि गार पाण्यात तरंगणारं पनीर. एका श्रीखंडाच्या डब्यात पाणी शिरून त्याचं पियूष झालं होतं. मी सगळं खापर नातवंडांवर फोडलं. दर पाच मिनिटाला झाकण उघडता, मग काय होणार!

घरी आल्यावर मात्र मला राहवेना. प्रयोगच मांडला.

या पेट्यांना तळाशी पाणी सोडायचं बूच असतं. वितळलेल्या प्रत्येक किलो बर्फाचं एक लिटर पाणी होतं. म्हणजे पेटी किती चांगली हे मोजायला ना थर्मामीटर लागतो ना झाकण उघडावं लागतं. बूच काढा आणि पाणी मापात धरा. दोन पेट्या घेतल्या : जावयाची पंचेचाळीस लिटरची आणि मासळीबाजारातून अडीचशे रुपयांना आणलेली, जवळपास तेवढीच, थर्माकोलची. दोन्ही आधी रात्रभर थोडा बर्फ घालून थंड केल्या, ते पाणी ओतून टाकलं, आणि सकाळी सात वाजता दोन्हींत दहा-दहा किलो बर्फ भरून मागच्या गॅलरीत सावलीला ठेवल्या. दुपारी गॅलरीत 38 अंश होतं, पहाटे 25. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाणी काढलं. थर्माकोलला बूच नसल्यामुळे तिला सुईने भोक पाडावं लागलं, हा माझ्या प्रयोगातला दोष.

साडेसोळा हजारांच्या पेटीतून 3.4 लिटर पाणी निघालं. अडीचशेच्या पेटीतून 6.8.

बरोब्बर दुप्पट फरक. जावयाचा चेहरा खुलला. पण आमच्याकडे प्रयोग एकदाच करून कोणाला मार्क मिळत नसत. दुसऱ्या दिवशी मी थर्माकोलच्या पेटीला सासूबाईंच्या हातची जुनी, जाड गोधडी चहूबाजूंनी गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि पुन्हा दहा किलो बर्फ भरला. पाणी निघालं 4.3 लिटर. म्हणजे दोन पेट्यांमधल्या अंतरातलं निम्म्याहून बरंच जास्त एका गोधडीने भरून काढलं. हसण्यासारखं यात काही नाही. 1833 साली बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज तळ्यातला बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं, ते चार महिने समुद्रावर होतं, विषुववृत्त दोनदा ओलांडून. निघताना सुमारे 180 टन बर्फ होता, पोचला तेव्हा शंभरेक टन उरला होता. सगळी करामत झाडाच्या सालीच्या भुशाची आणि भरपूर बर्फ एकत्र रचण्याची. गोधडी, भुसा, थर्माकोल, महागड्या पेटीतला पॉलियुरेथेनचा फोम, सगळ्यांचं काम एकच : हवा कोंडून धरायची. फोम ते थर्माकोलपेक्षा चांगलं करतो, एवढंच.

मग भंडारदऱ्याला दहा किलो एका दिवसात गेला कुठे? हिशोब मांडल्यावर मला नातवंडांची माफी मागावी लागली. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता घेतो. डिकीतल्या, बत्तीस अंशाच्या बारा लिटर पाण्याला दोन अंशांवर आणायचं तर 360 किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे साडेचार किलो बर्फ. नुसत्या बाटल्यांनी खाल्ला! पेटीचं तापलेलं प्लास्टिक थंड व्हायला जवळजवळ एक किलो. उरलेला भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेने. आणि झाकण उघडण्याने? पेटीतली सगळीच्या सगळी हवा बदलली तरी एका वेळी दहा-पंधरा ग्रॅम. पोरांनी चाळीसदा झाकण उघडलं असेल तर फार तर अर्धा किलो. झाकण उघडं टाकून गप्पा मारत बसलं तर गोष्ट वेगळी. पण खरा चोर बाटल्या होत्या, आणि त्या मीच भरल्या होत्या. आता बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये जातात, निम्म्या तर गोठवूनच.

आता त्या स्टिकरकडे वळू. दिवसाला 3.4 किलो, तर पाच दिवसांना सतरा किलो. फोडलेला बर्फ पोकळ्यांसकट जागा खातो. सतरा किलोला तीसेक लिटर. पंचेचाळीस लिटरच्या पेटीत तुमच्या पनीर-दह्याला उरले पंधरा लिटर, तेही सामान आधीच गार असेल तर. तेव्हा ‘5 दिवस’ हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. पेटी बर्फाने काठोकाठ भरून सावलीत ठेवली आणि आत दुसरं काहीच ठेवलं नाही, तर पाच काय, सात दिवसही निघतील. फक्त तशी पेटी घेऊन सहलीला कोणी जात नाही.

पेटीची बाजूही मांडते. ती रोटोमोल्डिंगने घडवलेली आहे, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीची सख्खी बहीण. प्लास्टिकची पूड साच्यात घालून साचा तापवत दोन दिशांनी फिरवतात, भिंतीला कुठे सांधा राहत नाही. टेक्सासातल्या दोन भावांनी 2006 साली ‘येटी’ ही पेट्यांची कंपनी काढली ती मासेमारीच्या होडीत पेटीवर उभं राहिलं की झाकण दबायचं म्हणून. तिकडे अशा पेट्यांना अस्वलाची परीक्षा द्यावी लागते. मोंटाना राज्यात खरीखुरी अस्वलं आत खाऊ ठेवलेल्या पेटीशी तासभर झटापट करतात आणि पेटी फुटली नाही तर प्रमाणपत्र मिळतं. आमच्या पेटीच्या पुस्तिकेतही एक अस्वल काढलेलं आहे. भंडारदऱ्याला आमच्याकडे आलं ते एक लाल कुत्रं, आणि खटके लागलेले बघून ते शेजारच्या तंबूकडे गेलं. त्या तंबूतली थर्माकोलची पेटी सकाळी काठावर पांढऱ्या मण्यांच्या रूपात पसरलेली होती. ते मणी वेचता येत नाहीत, वाऱ्याने थेट पाण्यात जातात. 2018 साली आपल्या राज्यात थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आली, त्यामागे हाच त्रास होता. माझ्या मते महाग पेटीच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा हा आहे, बर्फाचा नव्हे.

पुढे दिवाळीनंतर हर्णैला गेलो, तेव्हा पेटीचा खरा उपयोग कळला. संध्याकाळी बंदरावर लिलाव संपल्यावर सुरमई आणि पापलेट घेतलं. मासे देणाऱ्या बाईंनी पेटीत डोकावून विचारलं, “ताई, बूच चालतं ना? उघडंच ठेवा.” खाली बर्फाचा थर, वर मासे, पुन्हा बर्फ, पुन्हा मासे, असं त्यांनी स्वतः रचून दिलं. जेवढ्यास तेवढा बर्फ. मी म्हटलं, गार पाणी असू दे की आत, तेवढाच गारवा. त्या म्हणाल्या, “मासळी पाण्यात ठेवलीत तर पुण्यात जाईपर्यंत चव पाण्यात राहील. पोहायचं होतं तेवढं ती पोहून आलीय.” पनीर-बाटल्यांना वितळलेलं पाणी चालतं, उलट चांगलंच, कारण तेही शून्याच्या आसपासच असतं. मासळीला चालत नाही. हा फरक पुस्तिकेत नव्हता. घाटातून सहा-सात तास आलो, डिकीत बुचाखाली ताट ठेवलं होतं, मासळी ताठ होती. अर्थात एवढ्या तासांना थर्माकोलही पुरली असती. फक्त डिकीत आठ दिवस वास राहिला असता.

खरी पेटी मी पाहिलीय ती पोलिओच्या बूथवर. लसीची छोटी, खांद्याला अडकवायची, आत बर्फाच्या चार चपट्या बाटल्या. दोन ते आठ अंशांत लस राहिली पाहिजे म्हणून गोठलेल्या बाटल्या बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं की मगच भरतात, नाहीतर काही लशी गोठून वाया जातात. जागतिक आरोग्य संघटना अशा पेट्या तपासते तेव्हा बाहेर 43 अंश तापमान ठेवून किती तास गारवा टिकतो ते मोजते आणि तोच आकडा लिहिला जातो. आपला मे महिना त्याच्या जवळपास जातो, विदर्भात तर त्याहून वर. म्हणजे प्रामाणिक आकडा काढता येत नाही, असं नाही. फ्रीजवर ताऱ्यांची पट्टी आणि वर्षाला किती युनिट जळतील हा आकडा लावायची सक्ती आपण केलीच आहे. मग साडेसोळा हजारांच्या डब्यावर ‘43 अंशांत दिवसाला इतका किलो बर्फ’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? तेवढं कळलं की गिऱ्हाईक स्वतः गुणाकार करेल.

वर्षातून दोनदा सहलीला जाणाऱ्याने ही पेटी घेऊ नये, असं माझं मत. गोधडी घरात आहेच, फक्त थर्माकोल परत घरी आणायचं. दर महिन्याला कोकणातून मासळी आणत असाल, तंबूत चार-चार दिवस राहत असाल किंवा ट्रेकचा धंदा करत असाल तर घ्या. पण उचलायला दोन माणसं लागतील हे धरून घ्या : दहा किलो पेटी, दहा किलो बर्फ, दहा-बारा किलो सामान. भंडारदऱ्याला गाडीपासून पाण्याच्या काठापर्यंतची ती उतरण माझ्या गुडघ्यांना अजून आठवते.

आमची पेटी आता गॅलरीत असते. एक लिटरचं मापाचं भांडं कायम आतच ठेवलेलं. गेल्या खेपेला नातवाने कंपनीच्या स्टिकरखाली कागदी चिकटपट्टी लावली आणि काळ्या मार्करने लिहिलं : दिवसाला 3.4 किलो, पुणे, मे महिना, सावलीत, आधी थंड करून. जावई म्हणतो, पेटी विकायची वेळ आली तर पट्टी काढावी लागेल. मी म्हटलं, विकताना तर ती हवीच.