"चर्चा बंद करा" म्हणणाऱ्यांना



कुठे बॉम्बस्फोट झाला की तासाभरात ग्रुपवर मेसेज येतो, "आता चर्चा बंद, आता फक्त बदला." पाठवणाऱ्यांत आपण बायकाही कमी नसतो, म्हणून आज स्पष्टच लिहिते. स्फोटानंतर बोलणी मोडणं म्हणजे स्फोट करणाऱ्याला हवं तेच आपल्या हाताने त्याच्या ताटात वाढणं.

उत्तर आयर्लंडमधलं ओमा हे गाव बघा. त्या प्रदेशात तीस वर्षं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांत रक्त सांडत होतं, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. १० एप्रिल १९९८ ला शांतता करार झाला. मे महिन्यात तिथल्या ७१ टक्के मतदारांनी त्याला हो म्हटलं. आणि १५ ऑगस्टला, शनिवारी दुपारी, ओमाच्या बाजारपेठेत गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. शाळा सुरू होणार म्हणून आया मुलांचे गणवेश घ्यायला आल्या होत्या. आधी आलेल्या फोनमध्ये जागा नीट सांगितलेली नव्हती, त्यामुळे पोलिसांनी लोकांना कोर्टापासून दूर नेलं ते नेमकं बॉम्बच्याच दिशेने. २९ माणसं गेली. त्यात एकाच घरातली आजी, तिची मुलगी आणि लहानगी नात होती. त्या मुलीच्या पोटात जुळी होती.

बॉम्ब ठेवणारा 'रिअल आयआरए' हा करार न पटलेला फुटीर गट होता. त्यांना करार मोडायचा होता, बाकी काही नाही. मग काय झालं? लंडन आणि डब्लिन दोन्हीकडे काही आठवड्यांत कडक कायदे झाले. म्हणजे चर्चा चालू ठेवणारे हातावर हात ठेवून बसले नव्हते, हे त्या "दुबळे" म्हणणाऱ्यांनी ऐकावं. पण बोलणी थांबली नाहीत. उलट प्रोटेस्टंटांचे नेते डेव्हिड ट्रिंबल, जे गेरी ॲडम्स यांच्याशी थेट बोलायला तयार नव्हते, ते १० सप्टेंबरला त्यांना समोरासमोर भेटले. रिअल आयआरएलाही सप्टेंबरमध्येच शस्त्रबंदी जाहीर करावी लागली, कारण त्यांचेच लोक त्यांच्यावर उलटले होते. पुढे त्यांनी पुन्हा डोकं वर काढलं, हे खरं. करार मात्र टिकला.

आणि त्या करारात बायकांचा वाटा होता, हे आपल्याला कोणी सांगत नाही! १९९६ मध्ये मोनिका मॅकविल्यम्स, पर्ल सेगर आणि इतर दोन्ही समाजांतल्या बायकांनी मिळून पक्ष काढला आणि वाटाघाटींत दोन जागा मिळवल्या. सभागृहात त्या बोलायला उभ्या राहिल्या की काही पुरुष गाईसारखे हंबरायचे. त्या बसल्या नाहीत. पीडितांचे हक्क आणि दोन्ही समाजांच्या मुलांचं एकत्र शिक्षण करारात यावं म्हणून त्यांनी भांडण केलं.

"तिकडचं सोडा, आपल्याकडे काय?" असं विचाराल. ११ जुलै २००६ ला आपल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि भारत-पाकिस्तान सचिवांची ठरलेली बैठक पुढे ढकलली गेली. सप्टेंबरमध्ये हवानाला दोन्ही देश पुन्हा बोलायला बसलेच. फेब्रुवारी २००७ मध्ये पानिपतजवळ समझौता एक्स्प्रेसमध्ये ६८ जण गेले, बहुतेक पाकिस्तानी. या वेळी बैठक रद्द झाली नाही. दोनच दिवसांत त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि अणुअपघात टाळण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्या सह्यांमुळे कोणत्या देशाचं नाक कापलं गेलं, मला तरी दिसलं नाही.

ओमाच्या कुटुंबांना मात्र न्याय मिळालेला नाही. दिवाणी कोर्टाने २००९ मध्ये चौघांना जबाबदार धरलं, पण त्या खुनांसाठी आजपर्यंत एकालाही शिक्षा झालेली नाही. राग काढायचा तर इथे काढा, तपास करणाऱ्यांवर. बोलायला बसलेल्यांवर कशाला?