कपाशीच्या पानावरील लव

कपाशीचे वाण निवडताना शेतकरी बंधू बोंडाचा आकार विचारतात, उतारा विचारतात, बियाण्याच्या पिशवीवरील चित्रही निरखून पाहतात. पानावर लव आहे की नाही, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

लव म्हणजे पानाच्या बाह्यत्वचेतील काही पेशींची बाहेर झालेली वाढ होय. पान अगदी कोवळे असतानाच या पेशी केसाप्रमाणे लांबू लागतात. पुढे पान पसरते, तशी लव विरळ होते. (ज्या कापसावर आपला प्रपंच चालतो तो तरी काय? सरकीच्या सालीवरील एकेका पेशीचा वाढलेला केसच!)

तुडतुड्याची मादी पानाच्या शिरेत अंडी खुपसते. लव दाट, लांब व उभी असल्यास तिला ते काम अवघड जाते आणि पिलांनाही रस शोषण्यास नीट बसता येत नाही. आखूड, पानालगत पडलेली लव मात्र फारशी उपयोगी नाही. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन येथे पार्नेल यांनी 1920 नंतरच्या दशकात याच तत्त्वावर निवड करून ‘यू-4’ हे लवयुक्त वाण तयार केले.

आपल्याकडे 2002 साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. तिच्यातील विष बोंडअळ्यांसाठी आहे. तुडतुड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी पंप पाठीवर घ्यावाच लागतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या सर्वच फवारण्या तुडतुड्यांसाठी होत्या असे नाही. तथापि एक फवारणी टळली तरी तेवढा धोका टळतो.

लवेचे तोटेही आहेत. पांढरी माशी लवदार पानावर अधिक रमते. 2015 साली पंजाबातील कपाशीची तिने केलेली हानी सर्वश्रुत आहे. शिवाय वाळलेल्या पानाचा चुरा कापसास चिकटून प्रत घसरते. यास्तव अतिलवदार वाणाचा आग्रह आम्ही धरीत नाही. जेथे तुडतुडे दरसाल येतात, तेथे मध्यम लवेचे वाण घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदा निरनिराळ्या वाणांची पाने उलटून, भिंगातून शिरांवरील लव शेतकऱ्यांस दाखवावी. त्याच वेळी तुडतुडे मोजावेत. पानामागे सरासरी 2 ते 3 आढळेपर्यंत औषधाची बाटली उघडू नये.