आधी फुली, मग स्टूल
सुतारकामाची हौस लागलेल्या माणसाला पहिल्याच रविवारी कपाट करायचं असतं. त्याने आधी गरम पातेल्याखाली ठेवायची फुली करावी: दोन पट्ट्या, दोन्हींना निम्म्या जाडीची खाच, एकीवर दुसरी आडवी बसवली की झालं. खाच पाडून लाकूड लाकडात अडकवण्याची कल्पना भलतीच जुनी आहे. झांबियात कलांबो धबधब्याजवळ असे दोन ओंडके सापडले, त्यांचं वय निदान ४,७६,००० वर्षं असल्याचं २०२३मध्ये जाहीर झालं, म्हणजे आजचा माणूस अवतरण्याआधीचं! फुलीची खाच पाडताना करवत आखलेल्या रेघेच्या आतून चालली तर पट्ट्या हाताने दाबून घट्ट बसतात. रेघच खाल्ली तर सांधा खुळखुळतो आणि फेविकॉल ओतून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. फुली जमली की साधं स्टूल. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, म्हणजे आठ कुसवं (पट्टीच्या टोकाला काढलेल्या, भोकात बसणाऱ्या जिभा) आणि पायांत आठ भोकं; एकच काम आठदा केल्यावर हात बसतोच. कुसू पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात, २१ मिलिमीटरला ७. भोक आधी पाडायचं, मग त्याच्या मापाने कुसू पटाशीने तासत आणायचं, कारण कुसू बारीक करता येतं, भोक लहान करता येत नाही. खरी गंमत पायाच्या पोटात आहे: दोन बाजूंनी येणारी कुसवं आत एकमेकांवर आदळतात, म्हणून त्यांची टोकं तिरकी कापतात किंवा एक पट्टी थोडी खाली घेतात.