शनीचा गोतावळा

कारध्याच्या पुलावर उभे राहून वैनगंगेकडे पाहणाऱ्या माणसाला, ज्या दिवसांत शनी सायंकाळी वर असतो त्या दिवसांत, आकाशात एक पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका दिसतो. त्याचे नाव कानी पडताच पुष्कळांना प्रथम साडेसाती आठवते. वास्तविक साडेसाती हा साधा हिशेब आहे. सूर्याभोवती एक फेरी घालण्यास शनीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणून बारा राशींपैकी प्रत्येकीत तो सुमारे अडीच वर्षे दिसतो, आणि तीन राशींची मिळून साडेसात वर्षे होतात. त्याच्या मंद चालीत क्रोध नाही. तो सूर्यापासून फार दूर आहे, इतकेच. परंतु ज्याची भीती वाटते त्याच्याकडे माणूस निरखून पाहत नाही, आणि खरे नुकसान होते ते येथे.

कारण पाहण्याजोगे तेथे पुष्कळ आहे. शनीची कडी बर्फाच्या असंख्य तुकड्यांची बनलेली असून त्याच्या चंद्रांची नोंद २०२५ मध्ये २७४ वर गेली. १६७५ साली कॅसिनी या ज्योतिर्विदास कड्यांत एक काळी फट दिसली. तिच्या आतल्या काठावरील तुकडे दोन फेऱ्या घालतात, तेवढ्या वेळात मिमास हा चंद्र एक फेरी पुरी करतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी लावलेला हलका हात झोका वाढवतो. तशी मिमासची ओढ पुनःपुन्हा त्याच जागी बसून कड्याची सीमा आखते.

याहून नवल जेनस आणि एपिमेथियस यांचे. त्यांच्या वाटांत अंतर अवघे पन्नास किलोमीटरांचे, आणि दोघेही त्याहून रुंद! आतला जलद चालतो व हळूहळू बाहेरच्याला मागून गाठू लागतो. आता टक्कर होणार, असे वाटावे. परंतु जवळ येताच बाहेरचा त्याला पुढे ओढतो. त्या ओढीने आतला बाहेरच्या वाटेवर चढतो आणि, ही गोष्ट चटकन पटत नाही, तेथे मंद होतो. बाहेरचा मात्र मागे ओढला जाऊन आत उतरतो व जलद होतो. जड जेनस थोडा सरकतो, हलका एपिमेथियस अधिक. एकमेकांना न ओलांडताच ते पुन्हा दूर जातात.

ही अदलाबदल सुमारे दर चार वर्षांनी होते. म्हणजे कोणाचीही साडेसाती सुरू होऊन संपेपर्यंत ते दोन चंद्र आपल्या वाटा निदान एकदा, बहुधा दोनदा बदलून मोकळे झालेले असतात.