फॉर्ममधली एक चौकट आणि किडनीची रांग

रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली बरेचदा आणखी एक ओळ असते: ईजीएफआर. किडनी रक्त किती वेगाने गाळते, याचा हा अंदाज. हा आकडा कुठलंही मशीन थेट मोजत नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढी माहिती घेऊन तो सूत्राने काढला जातो.

अमेरिकेत मात्र कित्येक वर्षं या सूत्रात आणखी एक प्रश्न होता. पेशंट कृष्णवर्णीय आहे का?

उत्तर ‘हो’ असेल, तर २००९ च्या सूत्रानुसार आलेला आकडा सुमारे १६ टक्क्यांनी वाढवायचा. याचं कारण असं की, किडनी तेवढंच काम करत असली तरी अभ्यासातल्या कृष्णवर्णीय लोकांचं क्रिएटिनिन सरासरीने जास्त दिसलं होतं. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. म्हणून ‘यांचे स्नायूच जास्त असतात’ असं मानलं गेलं.

१९ आणि २२ मधला फरक

समजा, दोन पेशंट आहेत. वय सारखं, दोघेही पुरुष, क्रिएटिनिनही सारखं. एकाचा ईजीएफआर आला १९. दुसरा कृष्णवर्णीय, म्हणून त्याचा झाला २२.

अमेरिकेत डायलिसिस सुरू नसलेल्या पेशंटचा नव्या किडनीसाठीचा प्रतीक्षाकाळ हा आकडा २० किंवा त्याखाली आल्यावरच मोजायला लागतात. म्हणजे पहिला रांगेत लागला आणि दुसरा, तेवढाच आजारी असूनही, बाहेरच राहिला. फरक फक्त फॉर्ममधल्या एका चौकटीचा.

आणि त्या चौकटीत कोण कोण येतं? गेल्या वर्षी नायजेरियातून आलेला इंजिनिअर, पिढ्यानपिढ्या अमेरिकेत राहिलेली शिक्षिका, आई गोरी आणि वडील कृष्णवर्णीय असलेला मुलगा. पोती उचलणारा तरुण आणि अंथरुणाला खिळलेली आजीसुद्धा. या सगळ्यांचे स्नायू सारखे कसे असतील?

डॉक्टर, विद्यार्थी आणि पेशंट यांनी हा प्रश्न लावून धरला. २०२१ मध्ये तिथल्या किडनीतज्ज्ञांच्या समितीने वंशाची चौकट नसलेलं नवं सूत्र सुचवलं. २०२२ मध्ये प्रत्यारोपणाच्या यादीसाठी जुनी पद्धत बंद झाली. २०२३ पासून ज्यांचं नुकसान झालं होतं, त्यांचा प्रतीक्षाकाळ मागे जाऊन दुरुस्त करायला सुरुवात झाली.

मग वंश विचारूच नये का?

तसंही नाही. ही नोंदच ठेवली नसती, तर अमेरिकेत किडनी निकामी होण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे कळलंच नसतं. पण ते कळल्यावर पुढचा प्रश्न विचारायला हवा: का? उत्तरात रक्तदाब आणि डायबेटिस येतो, गरिबी येते, विमा नसणं येतं. पश्चिम आफ्रिकेत मूळ असलेल्या काही लोकांमध्ये एपीओएल१ नावाच्या जनुकाचा धोकादायक प्रकारही सापडतो. तो सगळ्यांत नसतो, आणि तो आहे की नाही हे तपासता येतं. त्वचेच्या रंगावरून अंदाज बांधायची गरज नाही.

आता थोडं आपल्याबद्दल

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक ब्रिटनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनाच्या तक्त्यात दोघेही ‘नॉर्मल’.

त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनेही आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध व्हावं असं सुचवलं. भारतातही जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ धरली जाते. इथे ‘भारतीय’ या शब्दाने आपलं भलंच केलं.

पण याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ‘भारतीयांचं असंच असतं’ म्हणून थांबले नाहीत. पुण्याजवळच्या गावांमध्ये त्यांनी गर्भवती बायकांचा आहार आणि बाळांची वाढ अनेक वर्षं पाहिली. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी होती, पण चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे गोष्ट आईच्या पोटापासून, तिच्या ताटापासून सुरू होते. ‘आपलं रक्तच तसं’ म्हटलं की हात टेकायचे. आईचं ताट मात्र बदलता येतं.

घरी काय करता येईल?

• फक्त वजन बघू नका, कंबरही मोजा. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेषा.

• ‘आमच्याकडे सगळ्यांना शुगर असतेच’ एवढं डॉक्टरांना पुरत नाही. कोणाला, कोणत्या वयात झाली, ते सांगा.

• ईजीएफआर एकदा कमी आला म्हणून घाबरू नका. डॉक्टर तो पुन्हा तपासतात. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करावी का, ते विचारा. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

• आणि कुणी ‘तुमच्या लोकांमध्ये हे असतंच’ म्हणालं, तर शांतपणे विचारा, “पण माझ्यात आहे का, ते कसं तपासायचं?”